खुंटाचे फुटवे

गुलाबाच्या कळीवर मावा पडला की तो बोटानं चिरडावा लागतो. राखेनं मरतो, तंबाखूच्या पाण्यानं मरतो, पण सगळा काही मरत नाही. उरलेल्याला बोटच लागतं. हिरवट चिकट पाणी नखात जातं आणि दोनदा हात धुतले तरी भाकरीला वास येतो. वीस वर्षं मी हे करत आले, मला त्याची कधी किळस आली नाही. किळस मला माणसाची आली, आणि तीही घरच्याच माणसाची. ती कशी आली तेच लिहायला बसले आहे.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी तोंडानं घेत नाहीच. पण कागदाला काय त्याचं! उद्धवराव त्यांचं नाव. चिंचवड गावठाणात नदीच्या बाजूला आमचं घर, पिढीजात माळीकाम. घरामागं तीन गुंठे जागा, तिथं सासूबाई मिरच्या लावायच्या. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी माहेराहून, कुरुळीहून, गावठी गुलाबाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या आणि मिरच्यांच्या कडेनं खोचल्या. सासूबाई म्हणाल्या, "फुलं खायाची का आता?" चार वर्षांत मिरच्या गेल्या आणि बावीस झाडं झाली. त्या घरात भांडी सासरची, बैल दिरांचे, नाव नवऱ्याचं. माझं म्हणावं असं एवढंच.

गावठी गुलाबाला दिखावा नाही. फूल वाटीएवढं, फिकट गुलाबी, पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की पाकळ्या टाकतं. पण सकाळी त्या वाफ्यातून गेलं की अंगाला वास चिकटतो आणि दुपारपर्यंत सोबत करतो. पाकळ्या खुडायच्या, बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक खडीसाखरेचा, तोंडाला फडकं बांधून चाळीस दिवस उन्हात. माझ्या गुलकंदाशिवाय गावठाणात बाळंतीण उठत नसे. अश्विनात पाणी तोडायचं, बुंध्याभोवतीची माती काढून मुळ्या उघड्या करायच्या, त्यांना आठवडाभर ऊन दाखवायचं, मग छाटणी, मग कुजलेलं शेणखत आणि नदीचा गाळ. पावसाळ्यात आळ्यात पाणी साचू द्यायचं नाही. आणि चैत्र-वैशाखात झाडाला पाण्याखेरीज काही करायचं नाही. खणायचं तर मुळीच नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

छप्पन साली पिंपरीच्या माळावर रंगाची कंपनी आली. वारा तिकडून फिरला की वॉर्निसचा असा भपकारा यायचा की चुलीवरची आमटी कुणी पेटीला लावायला केली आहे असं वाटे. कंपनीच्या मागं साहेबांचा बंगला झाला आणि बंगल्याच्या बागेवर उद्धवराव मुकादम म्हणून लागले. वर्षभर हंगामी, मग काम बघून कायम, असं ठरलं. घरात आनंद झाला. मलाही झाला, खोटं का बोलू?

पण महिन्याभरातच माणूस बदलला. घरी येऊन पहिलं वाक्य, "बाईसाहेब म्हनल्या." बाईसाहेब म्हणजे साहेबांच्या बायको, कौशल्याबाई. वयानं माझ्याच बरोबरीच्या, गोऱ्या, टापटिपीच्या, वाईट नव्हेत; पण बाग त्यांनी फक्त रंगीत चित्रांच्या पुस्तकात पाहिलेली. बाईसाहेब म्हणाल्या, बागेत शेणखत घालायचं नाही, वास येतो, पाहुण्यांना घाण वाटते. उद्धवराव म्हणाले, "व्हय बाईसाहेब." बाईसाहेब म्हणाल्या, पाणी दुपारी बारा वाजता द्यायचं, म्हणजे मला गॅलरीतून दिसेल. उद्धवराव म्हणाले, "व्हय बाईसाहेब." भर उन्हात झाडाला पाणी! मी म्हणाले, "अवो, तुमाला सांगता येत न्हाई? तुमचा बाप माळी, आजा माळी."

"सांगून काय उपेग? कायम व्हायचंय मला."

"पानं भाजली म्हंजे?"

"भाजली तर त्यांची भाजतील."

असं बोलणाऱ्या माळ्याच्या ताटात वाढताना मला पहिल्यांदा कसंसंच झालं. दुसऱ्याचं झाड म्हणून जळू द्यायचं, हे मी कसायाकडूनसुद्धा ऐकलं नव्हतं.

त्या श्रावणात उद्धवरावांनी माझ्या झाडांच्या चाळीस काड्या मागितल्या. बाईसाहेबांना कलमी गुलाब हवे होते, पुस्तकातले, ताटलीएवढे. कलमाला खाली खुंट लागतो, आणि खुंट गावठीचाच चांगला. चिवट मुळीचा, वाळवीला न भिणारा. मी काड्या दिल्या. बंगल्यावर त्या रुजल्या. मार्गशीर्षात पुण्याच्या रोपवाटिकेतून बाईसाहेबांनी निवडलेल्या जातींच्या काड्या आल्या, आणि उद्धवरावांनी त्यांचे डोळे, म्हणजे सालीसकट काढलेले अंकुर, एकेका खुंटावर भरले. काम त्यांनी सुरेख केलं, हे मात्र म्हणावं लागेल. साल उकलून डोळा आत सरकवायचा आणि केळीच्या सोपटानं घट्ट बांधायचा. त्यांच्या हाताला तेव्हा कंप नव्हता. चाळीसातले सदतीस डोळे धरले. पौषात लालसर कोंब फुटले तेव्हा ते मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. पुढच्या बाजूला कंपनीच्या रंगाऱ्यांनी रंगवलेल्या टिनाच्या पाट्या रोवून झाल्या होत्या. प्रत्येक झाडापुढं एक, वर इंग्रजीत जातीचं नाव. झाड वीतभर, पाटी हातभर.

कलम भरलं की एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. डोळ्याच्या खालून, खुंटातून, गावठीचे फुटवे येतात. ते जोमदार, सरळ, हिरवेगार असतात आणि भराभर वाढतात. दिसले की नखानं काढायचे. नाही काढले तर सगळा रस ते ओढतात आणि वरचं कलम उपाशी मरतं. शेणखताविना, दुपारच्या पाण्यावर, बंगल्यातली कलमं तशीही अशक्तच होती. माघात फुटवे आले.

एके दिवशी संध्याकाळी उद्धवराव जेवायला बसले आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आज सगळे कलमी कोंब काढले."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "फुटवे काढले म्हना की."

"न्हाई. कोंब. बाईसाहेब म्हनल्या, ही वरची मरतुकडी काडी कशाला ठेवलीस? खालून बघ किती झकास फूट आलीय. वरचं काढ, खालचं वाढू दे."

"आन् तुमी काढलं?"

"काढलं."

"सगळं?"

"सगळं. सदतीस." आणि त्यांनी पिठल्यात भाकरी बुडवली.

पहिलं काढताना बोलायचं. चला, पहिल्याला धीर नाही झाला, दहाव्याला बोलायचं. सदतीस वेळा हा माणूस वाकला, आपल्याच हातानं बांधलेल्या सोपटाच्या वर चाकू लावला, आणि सदतीस वेळा गप्प बसला. मी विचारलं, "फुलं आली म्हंजे काय सांगाल?"

"तवाचं तवा बघू."

मला शिसारी आली. समोर जेवणारं तोंड, ती बोटं, मिशीला लागलेलं पिठलं, सगळ्याची. मी उठून परसात गेले आणि उगाचच एका कळीवरचा मावा चिरडत बसले.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात मुंबईचे बडे साहेब सपत्नीक येणार, बागेत चहा होणार, असं ठरलं. त्या चहानंतर उद्धवरावांना कायम करायचं, असंही साहेबांनी सांगितलं होतं. बायकांना गजरे द्यायचे म्हणून मला बंगल्यावर बोलावलं. मी मागच्या पडवीत मोगऱ्याचे गजरे ओवत बसले होते. तिथून बाग सगळी दिसत होती. खुंटाचे फुटवे छातीएवढे वाढले होते आणि चैत्राचा बहर अंगावर घेऊन उभे होते. चाळीस पाट्या, चाळीस नावं, आणि प्रत्येक पाटीमागं तेच एक फूल. माझं. वाटीएवढं, फिकट गुलाबी. आदल्या दिवसापर्यंत बाईसाहेब सगळ्यांना सांगत होत्या की हे अजून पुरते उमललेले नाहीत, रंग पुढं चढतो. आणि शेजारी उभे राहून उद्धवराव मान डोलवत होते.

मुंबईच्या बाईंनी चष्मा लावून तीन-चार पाट्या वाचल्या, तीन-चार फुलं पाहिली आणि खळखळून हसल्या. "अहो कौशल्याबाई, हे तर गावठी गुलाब! आमच्या दारावर माळीण टोपलीभर घेऊन येते."

सगळे हसले. साहेबसुद्धा हसले, ते जास्त वाईट. बाईसाहेबांचे कान लाल झाले. मग मुंबईच्या बाई खाली वाकल्या, फूल हुंगलं आणि त्यांचा चेहरा पालटला. "पण वास काय आहे हो! असा वास कलमी गुलाबाला मेला जन्मात यायचा नाही. पुढच्या खेपेला मी गुलकंद नेणार बरं का इथून." झालं, त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. बाईसाहेबांच्या दृष्टीनं सुरू झाला. पाहुणे आत गेले आणि बाईसाहेब उद्धवरावांना घेऊन थेट पडवीशी आल्या. मी तिथंच दोरा हातात घेऊन बसलेली.

"उद्धव, हे काय आहे? मला कलमं म्हणून काय लावून दिलंस तू?"

मी सुई थांबवली. आता तरी बोलेल, असं मला वाटलं. नीट, नम्रपणे, पण बोलेल. उद्धवरावांनी पागोटं सावरलं, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "बाईसाहेब, घोटाळा आमच्या मंडळीचा हाय. पुन्याहून आलेली डोळ्याच्या काड्यांची पेंढी घरी ठिवली व्हती. तिला कळत न्हाई. तिनं गावठीची पेंढी दिली माझ्या हातात. मी इस्वासानं डोळे भरले."

जो माणूस अंधारात नुसत्या काट्यांना हात लावून गुलाबाची जात सांगतो, तो म्हणे काड्या न बघता डोळे भरत होता! आणि बाईसाहेबांना ते पटलं. पटायचंच, माघातली आपली आज्ञा आठवण्यापेक्षा माझा गाढवपणा मानणं सोपं होतं.

"खरं आहे का गं हे?" त्यांनी विचारलं.

उद्धवराव माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी आणलेलं, ओठ हलत होते, हात पोटाशी जोडलेले. कायम, कायम, कायम. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "व्हय बाई. माझंच चुकलं."

किती सहज निघालं तोंडातून! मला वाटायचं, तसलं बोलायला जन्मजात लाचारी लागते. काही लागत नाही. तोंड उघडायचं, बस्स. तेव्हापासून घरी येईपर्यंत मी तीनदा थुंकले.

बाईसाहेबांनी मोठ्या मनानं क्षमा केली. मग जरा विचार करून म्हणाल्या, "पण बागेत नुसत्या चाळीस झाडांनी काय होणार? गुलकंदाला फुलं भरपूर लागतील. तुझ्याकडे जुनी झाडं आहेत ना? किती?"

"बावीस," उद्धवरावांनी सांगून टाकलं.

"ती सगळी इथं आणून लाव. नुकसान तुम्हीच केलंत, भरून तुम्हीच द्यायला हवं. मी उद्या सकाळी स्वतः येते बघायला, नाहीतर पुन्हा काहीतरी घोटाळा करून ठेवाल."

चैत्राचं ऊन. वीस वर्षांची झाडं, मुळ्या हात-हात खोल, अंगावर बहर. ती उपटायची आणि त्या शेणखत न बघितलेल्या मुरमात लावायची. एक जगलं नसतं, आणि हे सांगायला माळी लागत नाही. मी उद्धवरावांकडे पाहिलं.

"उद्या आनतो बाईसाहेब," ते म्हणाले.

वाटेत मी एवढंच विचारलं, "मरतील ती. ठावं हाय ना?"

"ठावं हाय."

"मग?"

"काड्या लावू की पुन्यांदा. श्रावनात. काड्यांला काय तोटा?"

मला त्यांच्याबरोबर चालवेना. मी नदीच्या अंगानं वळले आणि एकटी घरी आले.

सकाळी मी उठले तेव्हा परसात कुदळीचा पहिला आवाज आला. उद्धवराव कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या झाडाशी होते. मी जाऊन झाडाला पाठ लावून उभी राहिले. काटे लुगड्यातून रुतले, रुतू दिले.

"सर बाजूला," ते म्हणाले, "बाईसाहेबांची गाडी येईल."

"येऊ दे."

"नोकरीचा सवाल हाय शालन."

"तुमच्या नोकरीला मी काल एकदा खोटं खाल्लंय. ते अजून नरड्याशी हाय."

तेवढ्यात गाडी आलीच. बाईसाहेब पदर नाकाला लावून शेणाच्या खड्ड्याला वळसा घालून परसात आल्या, आणि वाफ्यात शिरताच पदर आपोआप खाली आला. बावीस झाडं उमलली होती. एका फुलाकडे त्यांचा हात गेला. मग म्हणाल्या, "अजून एकही काढलं नाहीस, उद्धव?"

"काढतोय बाईसाहेब. हिला जरा..."

"न्हाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ही झाडं हलायची न्हाईत. या उन्हात हलवली तर चार दिसांत लाकडं व्हतील. यांनाबी ठावं हाय ते, यांनी तुमाला सांगितलं न्हाई. तसं माघातबी सांगितलं न्हाई. बाई, काल मी खोटं बोलले. माझ्याकडनं काय घोटाळा झाला न्हाई. बंगल्यावर जा आन् कुठल्याबी झाडाच्या बुडाशी वाका. मातीच्या वर चार बोटं केळीचं सोपट अजून बांधलेलं असंल. त्याच्या वर चाकूनं कापलेलं थोटूक असंल. तेच तुमचं कलम. ते जगलं व्हतं. मरतुकडं हाय म्हनून तुमी कापायला लावलंत आन् यांनी कापलं."

बाईसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना आठवलं होतं. गॅलरीत उभं राहून, हात पुढं करून त्यांनी काय सांगितलं होतं, ते शब्दन् शब्द त्यांना आठवत होतं, हे मला दिसलं. त्या हळूच उद्धवरावांकडे वळल्या.

"मी असं सांगितलं होतं, उद्धव?"

आणि त्या विचारण्यात खरोखरच विचारणं होतं. धमकी नव्हती. बाईंना त्या घडीला खरं ऐकायचं होतं, माझी खात्री आहे. एक शब्द पुरे होता. वीस वर्षांत मी उद्धवरावांकडे काही मागितलं नाही, तो एक शब्द मी मनातल्या मनात मागितला.

उद्धवराव हसले. ते ओशाळवाणं, ओलं हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही. "छ्या, छ्या. तुमी कशाला सांगाल बाईसाहेब? ही येडी हाय. मलाच कायतरी वाटलं आसंल, मीच कापलं आसंल."

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पायरीवर चिखल लागलेल्या चपलेकडे बघावं तसं त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या बाईबद्दल मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण माणूस सोयीचा होता. असला माणूस बंगल्यावर कुणाला नको असतो? त्या म्हणाल्या, "झाडं राहू देत इथंच. आणि उद्धव, उद्या वेळेवर ये. साहेब तुझ्या कागदावर सही करणार आहेत." गाडी निघून गेली.

म्हणजे माझी झाडं वाचली आणि त्यांची नोकरीही कायम झाली. शेजारच्या रुक्मिणीबाई कुंपणावरून सगळं बघत होत्या, त्या म्हणाल्या, "शालन, दोन्ही साधलं की गं. नशीबवान हायेस." मला ओकारी येत होती.

उद्धवराव अजून वाफ्यातच उभे होते, कुदळ दोन्ही हातांत आडवी धरून. खणू नको असं बाईसाहेब सांगून गेल्या होत्या. कुदळीचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, आता तरी ती माझ्या अंगावर उगारतील. चारचौघांत मी त्यांना उघडं पाडलं होतं. रागानं का होईना, माणूस दिसेल. मी वाट बघितली. खरंच सांगते, मी वाट बघितली.

"ठेवा ती खाली," शेवटी मी म्हणाले.

त्यांनी लगेच मान हलवली, वाकले, आणि अर्धवट वाकूनच माझ्याकडे वर पाहत विचारलं, "कुठं ठिवू?"